स्वस्त माईक, महाग आवाज

काटकसर हा सद्गुण आहे, हे मला मान्य आहे. आमच्या वऱ्हाडात माणूस चपलेचा अंगठा तीनदा शिवून घेतो आणि चौथ्यांदा चांभारालाच विचारतो, "अजून किती वर्सं काढन थे?" पण स्वस्तातला 'स्टुडिओ माईक' घेणं ही काटकसर नव्हे. ती स्वतःच्या पैशाने विकत घेतलेली फसवणूक आहे. हे मी पावती जवळ ठेवून सांगतो.

माझ्या ब्याऐंशी वर्षांच्या आत्याला जात्यावरच्या शे-दीडशे ओव्या पाठ होत्या. त्या भरून ठेवाव्यात म्हणून मी अकोल्याच्या बाजारातून माईक आणला. सोनेरी जाळी, लवचिक दांडा, वर स्पंजचं टोपडं!

"गॅरंटी?" मी विचारलं.

"चालू करून दाखोतो ना भाऊ. चालला तरच घ्या!"

चालला. दुकानात सगळेच माईक चालतात. तिथे गोंगाटच एवढा असतो की माईकची स्वतःची खरखर ऐकायला येणार कुणाला?

अमरावतीचा मे महिना. पारा पंचेचाळीसवर. कूलर चालू ठेवला तर माईकमध्ये नुसता कूलर. बंद केला तर खरखर, आणि तिच्या जोडीला विजेची पन्नास सायकलची घूं. वायर जरा हलली की ओवी अर्ध्यात गायब. आत्या घामाघूम होऊन गात होती. मी म्हटलं, "राहू दे आत्या, पुढच्या उन्हाळ्यात करू." पुढच्या उन्हाळ्याला आत्या नव्हती.

मग रागारागाने माईक खोलला. लोटीएवढ्या जाळीत वाटाण्याएवढी गोळी! गोळीचा दोष नाही. १९६२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सेसलर आणि वेस्ट या दोघांनी ती शोधली आणि पुढे तिच्याच जातीने घरोघरचे टेपरेकॉर्डर, टेलिफोन बोलते केले. दोष आहे तिला मोठ्या माईकचा सदरा घालून विकण्यात. स्टुडिओतल्या खऱ्या कंडेन्सर माईकचा पडदा इंचभर रुंद असतो आणि त्याला बहुधा अठ्ठेचाळीस व्होल्ट लागतात. हा बापडा कॉम्प्युटरच्या भोकातल्या दोन-चार व्होल्टांवर जगतो. उपाशी गड्याने किती नांगर ओढावा?

लोक म्हणतात, "मग गरिबाने करावं काय?" गरिबाने खिशातला मोबाईल वीतभर अंतरावर धरावा. तो निदान स्टुडिओ असल्याचा आव आणत नाही. चार पैसे असतील तर साधा डायनॅमिक माईक घ्यावा. त्याला वेगळे व्होल्ट लागत नाहीत, आणि तोंडाजवळ धरला की तो लांबच्या कूलरकडे फारसं लक्ष देत नाही. आणि कुठलाही माईक घेताना शांत खोलीत मिनिटभर नुसती शांतता भरावी, वायर हलवावी आणि कानाला लावून ऐकावं. जो माईक गप्प बसू शकत नाही, तो दुसऱ्याचं काय ऐकणार?

आमच्या जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांचं १९५६ सालचं मुंबईतलं अखेरचं कीर्तन आजही ऐकायला मिळतं. कुणीतरी वेळेवर, धड यंत्र घेऊन हजर होतं म्हणून. माणूस गेला की आवाज दुकानात मिळत नाही, स्वस्तातही नाही आणि महागातही नाही.

माझ्याजवळ आत्याचं तासाभराचं रेकॉर्डिंग आहे. ओवी एकही धड नाही. स्पष्ट ऐकू येतं ते एकच वाक्य –

"काऊन रे बाप्पा, तुह्या डब्ब्याले ऐकू येत नाही काय?"