द्राक्षारस म्हणजे ज्यूस नव्हे

मराठी बायबलमध्ये वाइनला 'द्राक्षारस' म्हणतात. या एका शब्दाच्या आधारावर आमच्या कित्येक प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये एक सोयीचं असत्य सुखाने नांदतंय. काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचं जे केलं तो द्राक्षांचा ताजा रस होता, त्यात नशा नव्हती, म्हणून खऱ्या ख्रिस्ती माणसाने थेंबालाही शिवू नये, असं मी लहानपणापासून ऐकत आलोय. मी स्वतः वर्षातून दोन-चारदा जेवणाबरोबर ग्लासभर वाइन घेतो. आधीच सांगून टाकलं, म्हणजे याचा हेतू काय हे शोधण्यात तुमचा वेळ जायला नको.

ज्यूसवाल्यांनी तेच बायबल उत्पत्तीपासून वाचावं. नोहाने द्राक्षमळा लावला, द्राक्षारस प्याला आणि तंबूत उघडा पडला. शब्द तोच. पौल इफिसकरांना द्राक्षारस पिऊन झिंगू नका म्हणतो. ज्यूस पिऊन कोण झिंगतं? करिंथच्या मंडळीत तर प्रभुभोजनालाच काही जण उपाशी राहायचे आणि काही जण तर्र व्हायचे. पौल त्यांना झापतो, पण हावरटपणाबद्दल आणि गरिबांना लाजवल्याबद्दल. प्याल्यात भलतंच पेय आहे, असं तो म्हणत नाही.

शिवाय साधं सायन्स बघा. तिकडे द्राक्षं उन्हाळ्याच्या शेवटी निघतात आणि वल्हांडण वसंतात येतो. मधले सहा महिने, फ्रीज नसताना, रस गोड राहील कसा? यीस्ट द्राक्षाच्या सालीवरच बसलेलं असतं. पाश्चरच्या शोधानंतर, 1869 मध्ये, न्यू जर्सीतल्या थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट डेंटिस्टने प्रभुभोजनासाठी न आंबणारा रस बाटलीत भरला. पुढे त्याचा मोठा ज्यूस ब्रँड झाला. मार्टिन ल्यूथरच्या घरी बिअर गाळली जायची, गाळणारी त्याची बायको काथरीना. मेथडिस्टांचा आद्य गुरू जॉन वेस्लीचाही राग कडक दारूवर होता, वाइनवर नव्हे. थेंबही नको हा आग्रह एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन चळवळीने पक्का केला, आणि 1813 मध्ये मुंबईत, 1831 मध्ये नगरला आलेलं अमेरिकन मराठी मिशन त्याच देशातलं.

त्या चळवळीची मी चेष्टा करत नाहीये. नवऱ्याची कमाई गुत्त्यात जायची आणि बायकोच्या हातात कायद्याने जवळपास काही नसायचं, तेव्हा बायकांनी ती पुढे नेली. पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या, तेव्हा तिथल्या नेत्या फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी त्यांची मैत्री झाली. नगर जिल्ह्यात ज्या घरांनी दारू सोडली त्यांची पोरं शिकली. माझं घर त्यातलंच. पणजोबांनी बाटली खाली ठेवली नसती तर मी आज लॅपटॉपसमोर बसलो नसतो. त्या व्रताला माझा सलाम आहे. पण व्रताला देवाची आज्ञा म्हणू नका.

कारण अशा आज्ञेची किंमत मोजतो तो खरोखर अडकलेला माणूस. आमच्या तरुण संघात एक जण गिटार वाजवायचा. पिणं वाढलं तसं त्याचं येणं थांबलं. मंडळीत दोनच कप्पे: न पिणारे आणि पापी. 'दोन पेगवर थांबता येत नाहीये' हे वाक्य तो कुणाला सांगणार? पहिल्या पेगलाच तो बाहेर झालेला. नाताळात गच्चीवर घेऊन, बडीशेप चघळत खाली येणारे काका मात्र आतच. आता तो ज्या एए मीटिंगला जातो, ती भरते एका कॅथलिक चर्चच्या हॉलमध्ये. तिथे पलीकडेच वेदीवर रोज खरी वाइन असते! वाइनचा नियम इतका कडक असलेल्या त्या चर्चनेही दारूचं व्यसन असलेल्या फादरांसाठी, परवानगीने, 'मुस्टम' म्हणजे जेमतेम आंबलेला रस चालवून घेतलाय. माणूस पिऊ शकतो आणि माणूस अडकूही शकतो, हे दोन्ही मान्य केलं की अशा वाटा सापडतात.

आता माझ्या बाजूच्यांकडे वळतो. शुक्रवारी रात्री तिसरा पिचर मागवताना कानाचं लग्न आठवणारे खूप भेटतात. तीमथ्याला पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं ते पोटाच्या दुखण्यासाठी, टीमचं रिलीज झालं म्हणून नव्हे. मॉडरेशन म्हणजे 'मला चढत नाही' असंही नाही. माझ्या ग्लासामुळे शेजारचा अडखळणार असेल तर माझं प्रमाण शून्य, आणि ते मी ठरवायचं, पाळकसाहेबांनी हजेरी घेऊन नव्हे. पौल रोमकरांना हेच लिहितो. भाऊ अडखळत असेल तर द्राक्षारस सोडलेला बरा आणि मांसही. यातला मांसाचा अर्धा भाग आमच्याकडे कुणी मोठ्याने वाचत नाही, कारण रविवारी उपासनेनंतर घरोघरी मटण असतं.

तो गिटारवाला माझ्याकडे जेवायला येतो तेव्हा टेबलावर ताक असतं. मटणही असतं. मटणाने तो अजून तरी अडखळलेला नाही.