जहाजगोदीतील बिनतारी जाळे

जहाजबांधणी हा पोलादाचा, घामाचा आणि अजस्र याऱ्यांचा धंदा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती आता निम्मीच खरी उरली आहे. दक्षिण कोरियातील उल्सान येथे १९७२ साली ह्युंदाईने जी गोदी बांधावयास घेतली, ती आज जगातील सर्वांत मोठी गणली जाते. २०१९ मध्ये केटी या दूरसंचार कंपनीच्या साह्याने तेथे पाचव्या पिढीचे बिनतारी जाळे पसरविण्याचे काम हाती घेण्यात आले.

पोलादाचा आणि बिनतारी लहरींचा संबंध काय, हा प्रश्न साहजिक आहे. आधुनिक जहाज एकसंध बांधले जात नाही. त्याचे शेकडो टन वजनाचे भाग निरनिराळ्या ठिकाणी तयार होतात आणि यारीने उचलून कोरड्या गोदीत एकमेकांस जोडले जातात. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा आकसतो. दोन भागांच्या कडा काही मिलिमीटरांनी जरी चुकल्या तरी कापाकापी आणि पुन्हा जोडकाम आलेच. तोवर गोदी अडून राहते, आणि या धंद्यात गोदीइतके महागडे भांडवल क्वचितच दुसरे असेल. पूर्वी अशी चूक बहुधा दोन भाग समोरासमोर आल्यावरच उघडकीस येई. आता लेसरने घेतलेली मापे संगणकातील आराखड्याशी ताडून ती आधीच दुरुस्त करता येते. मात्र या मापांचा पसारा प्रचंड असतो. तो कित्येक किलोमीटरांच्या आवारात क्षणार्धात हलवावयाचा तर वेगवान ब्रॉडबँड हवेच. शिवाय जहाजाच्या पोटात पोलादी भिंती लहरी अडवितात, ही अडचण निराळीच.

पण या सुधारणेचा लाभ कोणाच्या पदरी पडला? २०१६ च्या सुमारास मंदी आली तेव्हा कोरियन गोद्यांतून हजारो कामगार कमी करण्यात आले आणि उपकंत्राटी कामगारांचे वेतन घसरले. पुढे मागणी परतली, तेव्हा वेल्डर मिळेनात. परदेशी मजूर आणावे लागले. २०२२ मध्ये कोजे बेटावरील देवूच्या गोदीत उपकंत्राटी कामगारांनी ५१ दिवस संप केला. घसरलेले वेतन भरून निघावे म्हणून त्यांनी मागितली होती तीस टक्के वाढ. मिळाली साडेचार टक्के.

भारताला हा इतिहास दूरचा नाही. जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक जहाजबांधणी चीन, कोरिया व जपान करतात. आपला वाटा एक टक्काही नाही. तो वाढविण्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. नवे तंत्र आपणांस परके नाही. १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झालेली ‘निलगिरी’ मुंबईच्या माझगाव गोदीत अशाच तयार भागांच्या जोडणीने बांधली गेली. परंतु त्याच गोदीत ठरावीक मुदतीच्या कंत्राटावर राबणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. संगणकप्रणाली पैसे मोजून आणता येईल. मुरलेला वेल्डर तसा आणता येत नाही, हे कोरियाने पाहिले. जहाजाच्या किमतीवर अनुदान ठरविताना, गोदी आपल्या कामगाराला किती वर्षे टिकविते आणि काय वेतन देते, हाही निकष सरकारला लावता येईल.