दोघांचें पहिलें छायाचित्र

गेल्या कार्तिकांत आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलीचें लग्न जुळलें. मुलगा पुसदचा, नोकरीनिमित्त नागपुरास असतो. साखरपुड्याचा दिवस ठरला, आणि दुसऱ्याच दिवशीं संध्याकाळीं मी ओसरीवर पंचांग चाळीत बसलों असतां पुतणी हातांत एक कागद घेऊन पुढें आली.

"काका, साखरपुड्याच्या आधीं एक दिवस आम्ही दोघें फोटो काढायला जाणार आहोंत. बाबा म्हणाले, आधीं काकांना विचार."

कागदावर तयारीची यादी होती. दोघांचे दोन-दोन पोशाख, केशरचना, चपला, गाडी, फराळाचा डबा. आणि अगदीं शेवटीं, बारीक अक्षरांत, 'चष्मा नको, लेन्स.'

"उद्यां सांगतों," असें म्हणून मीं कागद ठेवून घेतला. खरें सांगावयाचें तर उत्तर मनांत ठरलेलें होतें, आणि तें नकाराचें होतें. आंतून आईनेंही आपलें मत ऐकविलें, "लग्नाआधीं कसले ग फोटो? आमच्या वेळीं नवरा दिसायचा तो अंतरपाट दूर झाल्यावर!" वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हा प्रश्न येऊन गेला असेल किंवा येणार असेल. 'प्री-वेडिंग' या नांवानें ओळखली जाणारी ही चाल शहरांतून आतां तालुक्याच्या गांवीं आली आहे. कित्येक ज्ञातिसंस्थांनीं तिच्याविरुद्ध ठरावही केले आहेत, आणि त्यांचे आक्षेप पोकळ नाहींत. खर्च वाढतो, प्रदर्शन होतें, आणि दुर्दैवानें जुळलेलें मोडलें तर त्या चित्रांचा जाच बहुधा मुलीलाच होतो. हे सारे मुद्दे मीं दुसऱ्या दिवशींच्या उपदेशासाठीं जुळवून ठेवले.

रात्रीं मात्र झोंप लागेना. उठलों, आणि भिंतीवरचें आमचें स्वतःचें छायाचित्र दिव्याखालीं नेऊन पाहिलें.

तें १९८४ सालचें. माझ्या पत्नीचें माहेर दारव्ह्याचें. लग्न ठरल्यावर तिच्या घरचीं माणसें तिला घेऊन शकुंतला गाडीनें यवतमाळास आलीं. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी आतां बंद आहे. त्या वेळीं ती सावकाश कां होईना, येत असे. स्टुडिओंत मागें रंगविलेला पडदा होता. त्यावर एक बाग आणि एक कारंजें. मला खुर्चीवर बसविलें, तिला बाजूस उभें केलें. तिला लहानपणापासून चष्मा होता. कोणा वडील माणसानें "चष्मा काढ, फोटो चांगला येईल" असें म्हटलें, आणि तिनें मुकाट्यानें तो काढून आपल्या आईच्या हातीं दिला. छायाचित्र चांगलें आलें, सर्वांनीं वाखाणलें. पुढें पस्तीस वर्षांच्या संसारांत आल्यागेल्यानें त्याची स्तुति केली कीं ती हंसून म्हणे, "त्यांत मी आहें खरी, पण मला त्या दिवशीं कांहींच दिसत नव्हतें. शेजारीं हेच बसले आहेत, हेंही अंदाजानेंच ओळखलें." सर्व हंसत, मीही हंसत असें. आज ती नाहीं. त्या रात्रीं मला त्या विनोदांतली गोष्ट प्रथमच नीट ऐकूं आली. तिला कोणीं विचारलें नव्हतें; आणि मींही विचारलें नव्हतें.

छायाचित्रण ही विद्या फार जुनी नव्हे. १८३९ सालीं फ्रान्समध्यें दागेर याची रीति प्रसिद्ध झाली, आणि १८५४ सालीं मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. आरंभींच्या काळांतच डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु नारायण दाजी यांचा तिच्याशीं संबंध होता. पहिल्या काळांत चित्र उमटावयास कित्येक सेकंद, कधीं मिनिटेंही लागत. माणूस हलूं नये म्हणून मानेमागें लोखंडी आधार लावीत. त्या चित्रांतील माणसें खांबासारखीं ताठ दिसतात तीं यामुळें. आज सेकंदाच्या शतांशांत चित्र उमटतें. तरीही नव्या जोडप्यांचीं चित्रें पुष्कळदां ताठच येतात, कारण आतां मानेमागें लोखंड नसलें तरी मनांत परकेपणा असतो. दोन महिन्यांच्या ओळखीचीं दोन माणसें. एक तिसराच मनुष्य त्यांना "जवळ या, एकमेकांकडे पहा" असें सांगतो. आणि हंसें ओठांवर येतें, डोळ्यांत येत नाहीं.

आमच्या संस्कृत नाटककारांना प्रियजनांच्या चित्रांतलें मर्म पुरतें ठाऊक होतें. कालिदासाची मालविका ही विदर्भाची राजकन्या. अग्निमित्रानें तिला प्रथम चित्रांत पाहिलें, आणि ती प्रत्यक्ष समोर येतांच त्याला वाटलें, चित्रकाराचें चित्त ढळलें असावें. कारण माणूस चित्राहून सुंदर निघालें. मुलामुलींनीं ही कसोटी ध्यानांत ठेवावी. आजकाल यंत्राच्या साह्यानें वर्ण उजळ करतात, नाक सरळ करतात. मग चित्र माणसाहून सुंदर निघतें, आणि लाजावें लागतें माणसाला. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकांत दुष्यंतानें काढलेलें शकुंतलेचें चित्र त्याला अपुरें वाटतें. मालिनी नदी, तिच्या वाळूवरील हंसांचें जोडपें, हिमालयाचा पायथा, वल्कलें टांगलेला वृक्ष आणि त्याखालचीं हरिणें काढावयाचीं राहिलीं आहेत. राजवाडा त्यांत नाहीं. जेथें दोघें भेटलीं तेंच स्थळ त्याला हवें आहे.

तिसरें उदाहरण भवभूतीचें. यानें आपल्या पूर्वजांचें गांव पद्मपूर म्हणून सांगितलें आहे, आणि तें विदर्भांतलें मानतात. 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकांत राम, सीता व लक्ष्मण आपल्याच आयुष्याचीं चित्रें पाहतात. विवाहाचें चित्र येतें, वनवासाचीं येतात. पाहतां पाहतां थकलेली सीता रामाच्या बाहूवर झोंपी जाते. त्याच अंकांत लोकापवादाची वार्ता येते, आणि ती झोंपेंत असतांनाच तिच्या त्यागाचा निर्णय होतो. चित्रें सुंदर होतीं, प्रेमही खरें होतें. उणें राहिलें तें एवढेंच कीं, जिच्या जन्माचा प्रश्न होता तिला कोणीं विचारलें नाहीं.

सकाळीं मीं पुतणीला जवळ बसवून आमचें चित्र दाखविलें आणि त्याची कथा सांगितली.

"हें लेन्सचें कोणीं सुचविलें?"

"फोटोग्राफर म्हणाला, कांचेवर उजेड चमकतो. आणि मलाही वाटलें, काका, कीं जरा बरें दिसावें."

"जांवईबुवांना विचारलेंस?"

"नाहीं."

"मग विचार. ठरवावयाचें मात्र तूंच, कारण चेहरा तुझा आहे. कांचेवर उजेड चमकत असेल तर मान किंचित खालीं करावी, किंवा चष्म्याच्या काड्या कानांवरून केसभर उचलाव्या, चमक जाते. लेन्स हव्या असतील तर आठ दिवस आधीं डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून घालून पहा. त्याच दिवशीं प्रथम घालून डोळे लाल करून घेऊं नकोस. कशानेंही असो, त्या दिवशीं तुला ते नीट दिसले पाहिजेत."

अशा रीतीनें नकार द्यावयास बसलेला मी तयारीच्या यादींत भर घालूं लागलों. ती भर वाचकांच्याही उपयोगीं पडेल म्हणून येथें देतों.

वेळ सूर्योदयानंतरच्या किंवा सूर्यास्तापूर्वींच्या तासाची घ्यावी. मध्यान्हींच्या उन्हानें डोळ्यांखालीं सावल्या पडतात. वैशाखांत तर आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हां हा उद्योग करूंच नये. आमच्या जिल्ह्यांत मार्गशीर्षांत शेतें कापसानें पांढरीं होतात आणि फाल्गुनांत पळस पेटतो. रंगांची उणीव नाहीं. मात्र शेतांत उतरावयाचें तर मालकास आधीं विचारावें. तो कापूस आपल्या चित्राची शोभा असला तरी त्याचें वर्षाचें अन्न आहे. कळंबच्या चिंतामणीस जावयाचें असेल तर पायऱ्या उतरून आधीं दर्शन घ्यावें, चित्राचा विचार व्यवस्थापकांच्या परवानगीनें मागाहून. पैनगंगेवरील सहस्रकुंडाच्या खडकांवर शेवाळ असतें; धबधब्याकडे पाठ करून मागें सरकत जाऊं नये. टिपेश्वरच्या अभयारण्यांत वाघ आहेत. तेथें गाडींतून वाटेल तेथें उतरतां येत नाहीं. तेथें जाऊन वाघच पहावा.

पोशाख एकसारखा असण्याचें कारण नाहीं. एकाचा रंग दुसऱ्यास मारूं नये एवढें पुरे. जी साडी नेसून चालतां-बसतां येतें तीच नेसावी. नव्या चपला आधीं घरांत चार दिवस वापराव्या. छायाचित्रकारास एकदां आधीं भेटावें. किती चित्रें, किती दिवसांत, किती रकमेंत, हें कागदावर असावें. आपल्या संमतीवांचून तो तीं जाहिरातींत वापरणार नाहीं, हेंही लिहून घ्यावें. चित्रें कोणास दाखवावयाचीं व कोणास नाहीं, हें दोघांनीं आधीं ठरवावें. जगापुढें मांडलेलें चित्र परत घेतां येत नाहीं. जुळलेलें मोडण्याची भीति ज्यांना वाटते त्यांना माझें एवढेंच उत्तर आहे.

खर्चाविषयीं मीं अट घातली. ज्या जिल्ह्याचें वर्ष कापसाच्या भावावर ठरतें, तेथें देण्याघेण्याच्या यादींत हें आणखी एक कलम नको. दोघेंही मिळवतीं आहेत. निम्मेनिम्मे करावें, आणि कोणाच्याही वडिलांनीं खिशांत हात घालूं नये. शेवटची सूचना अशी कीं, कॅमेरा पिशवींतून निघण्यापूर्वीं अर्धा तास दोघांनींच बोलत फिरावें. कोणाला कशाचा संकोच वाटतो, हात हातांत घ्यावा कीं नाहीं, हें एकमेकांना विचारावें. दुसऱ्याच्या मनांतलें ओळखण्यापेक्षां विचारणें सोपें असतें. संसारांत हें मला फार उशिरा कळलें.

स्थळाचा प्रश्न पुतणीनें त्यालाच विचारला. त्यानें उत्तर पाठविलें, "तुमच्या ओसरीवर. पोहे खातांना मला ठसका लागला होता आणि तुम्ही पाणी आणलें होतें, तेथेंच." मार्गशीर्षांतल्या एका रविवारीं सकाळीं तीं चित्रें आमच्या घरींच निघालीं. कांहीं ओसरीवर, कांहीं परसांतल्या विहिरीपाशीं. खर्च निम्म्याहून कमी झाला. "लग्नाआधीं कसले फोटो" म्हणणाऱ्या आईनें नातीच्या निऱ्या स्वतः सारख्या केल्या, आणि मग काठी टेकीत दारांत उभी राहून तासभर सारें पाहत होती.

पंधरा दिवसांनीं चित्रें आलीं. पुतणीनें चष्मा काढला नव्हता. एका चित्रांत मात्र चष्मा तिच्या डोळ्यांवर नाहीं. पोह्यांच्या वाफेनें कांचा धुरकटल्या असाव्या. जांवईबुवा खालीं मान घालून रुमालानें त्या पुसत आहेत, आणि ती डोळे बारीक करून, हात पुढें करून, हंसत वाट पाहत आहे.

आई म्हणाली, "हें तुमच्या फोटोशेजारीं लाव." मलाही तेंच वाटत होतें. हातोडी शोधण्याआधीं पुतणीला विचारलें, "लावूं ना?"

ती म्हणाली, "थांबा काका, त्यांना विचारून सांगतें."