तिशी ओलांडली? याच आठवड्यात साखर तपासा!

जालना जिल्ह्यातील बंधू-भगिनींनो,

तुमचे वय तिशीपुढे असेल आणि वर्षभरात रक्तातली साखर तपासली नसेल, तर हे आवाहन तुम्हालाच आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. त्याहून अधिक, म्हणजे साडेतेरा कोटींच्या आसपास लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. या अवस्थेत बहुतेकांना काही दुखत नाही, खुपत नाही. म्हणून लक्षणांची वाट पाहू नका. रक्ततपासणीशिवाय हे कळत नाही.

हे आकडे लक्षात ठेवा. उपाशीपोटी साखर १०० ते १२५, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी 'एचबीए१सी' ५.७ ते ६.४ आली, तर ही मधुमेहपूर्व अवस्था. त्यापुढे मधुमेह. "शुगर बॉर्डरवर आहे, गोळी नको" हे ऐकून अनेक जण निर्धास्त होतात. कृपा करून तसे करू नका. पावले उचलायची वेळ हीच आहे. मधुमेह जडून दुर्लक्षित राहिला, तर तो डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि पाय पोखरतो.

"मी तर बारीक, मला कसली शुगर?" असेही म्हणू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, आपल्याकडची वजनाने लहान बाळेसुद्धा अंगात तुलनेने जास्त चरबी घेऊन जन्मतात. त्यामुळे वजनकाट्याबरोबर कंबरही मोजा. पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटीमीटरच्या पुढे असेल, तर सावध व्हा. घरात कुणाला मधुमेह असेल किंवा गरोदरपणात साखर वाढली असेल, तर तपासणी अजिबात टाळू नका.

दिलासा असा की, मधुमेह रोखता येतो. अमेरिकेतील २००२ च्या मोठ्या अभ्यासात आहार, व्यायाम आणि सुमारे सात टक्के वजन घटवण्याच्या प्रयत्नांमुळे मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. भारतीयांवरील २००६ च्या अभ्यासातही राहणीमान बदलल्याने धोका २८ टक्क्यांनी घटला.

आजपासून एवढे करा:

• आठवड्यातून किमान पाच दिवस अर्धा तास झपाझप चाला. पेरणी-काढणीचा हंगाम सरला की शरीराचे कष्ट थांबतात; चालणे थांबवू नका.
• भाकरी ज्वारी-बाजरीची असली तरी मोजून खा. ताटात मेथी, शेपू, मटकी, हरभरा वाढवा. भात कमी करा.
• दिवसभरातले गोड चहा आणि थंड पेये बंद करा. आपल्या जालन्याची मोसंबी सोलून खा, रस काढून पिऊ नका.
• तंबाखू, बिडी सोडा. झोप पुरेशी घ्या.
• कुणाच्या सांगण्यावरून काढे-चूर्णे घेत बसू नका. डॉक्टरांचा सल्ला घ्या आणि दरवर्षी तपासणी करा.

तिशीवरील सर्वांची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. जवळच्या उपकेंद्रात जा, आशाताईंना विचारा. शिबिरात बोटातून थेंबभर रक्त घेऊन केलेल्या चाचणीवर समाधान मानू नका. उपाशीपोटी रक्त तपासून घ्या.

सरपंचांनो, बचत गटांच्या ताईंनो, गणेश मंडळांनो, गावात तपासणीचा दिवस ठरवा. औद्योगिक वसाहतीतील कारखानदारांनो, पाळीवरच्या कामगारांना तपासणीसाठी सुट्टी द्या. आणि वाचकहो, जाताना एकटे जाऊ नका. घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाला सोबत न्या.