खालची पट्टी कापू नका

मंडळी, आधी एक काम करा. आपल्या घराच्या भिंतींकडे बघा आणि तिथली चित्रं कुणी काढली आहेत ते सांगायचा प्रयत्न करा. गणपती कुणाचा, लक्ष्मी कुणाची, हॉलमधला धबधबा कुणाचा? बहुतेकांचं उत्तर 'माहीत नाही' असं येईल. आणि लगेच पुढचं वाक्य येईल, "छापील तर आहे, त्यात काय बघायचं!"

आजचं भांडण या वाक्याशी आहे.

निमित्त घरचं आहे, आणि जे नातेवाईक इथे नियमित येतात त्यांना रोख कुणावर आहे ते कळेलच. सेलूचा वाडा पाडायचा ठरला. त्याबद्दल तक्रार नाही. माळवद गळतं, तुळया वाळवीने पोखरल्या, आणि वर्षाचे अकरा महिने तिथे राहतं कोण? प्रश्न आहे तो ओसरीवरच्या आणि माजघरातल्या तसबिरींचा. कुटुंबाच्या व्हॉट्सॅपवर तीन मतं आली. एक, जुन्या झाल्यात, भंगारवाल्याला द्या. दोन, पुण्याचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी सगळ्या एकगठ्ठा उचलायला तयार आहे, देऊन टाका. तीन, नव्या फ्लॅटमध्ये त्या शोभणार नाहीत, त्यापेक्षा सात घोड्यांचा कॅनव्हास मागवू, वास्तूलाही चांगला.

तिन्ही मतांच्या मुळाशी समजूत एकच. छापील चित्र म्हणजे खोटं चित्र.

आता बघा, २०२५ च्या मार्चमध्ये हुसेन यांचं 'ग्राम यात्रा' न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. आनंद आहे. पण असलं मूळ चित्र सेलूच्या एखाद्या ओसरीवर लागण्याची शक्यता किती? आमच्या गावाला कलादालन नाही. आमचा मुलूख निजामाचा, मुंबईचं जे. जे. स्कूल कुठल्या कुठे. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे झाली तसा इकडचा कापूस बाहेर जायला लागला आणि बाहेरच्या वस्तू आत यायला लागल्या. आमच्यासारख्या गावांपर्यंत चित्रकला पोचली ती छापूनच. ती छापली नसती तर पोचलीच नसती. ज्या वाटेने ती आली त्या वाटेला नावं ठेवणं हा शुद्ध कृतघ्नपणा आहे.

आणि ही वाट काही गल्लीतल्या कुणी झेरॉक्सवाल्याने काढलेली नव्हती. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी चित्रशाळा काढली. निबंधमालेचे चिपळूणकर! त्यांना छापील चित्रात कमीपणा वाटला नाही. तिथलं रामपंचायतन घरोघरी गेलं. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत स्वतःचा छापखाना घातला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. राजेरजवाड्यांच्या महालात लागणारी चित्रं साध्या माणसाला घेता यावीत हा त्यामागचा विचार. म्हणजे चित्रं छापायचा निर्णय खुद्द चित्रकाराचा होता. त्याला चालत होतं, आपल्याला चालत नाही. आहे की नाही गंमत?

बरं, ते छापणं तरी सोपं होतं का? चुनखडीचा गुळगुळीत दगड घ्यायचा, त्यावर तेलकट खडूने उलटं चित्र काढायचं, वरून पाणी फिरवायचं. तेलकट भागच शाई धरतो, बाकीचा दगड शाईला झिडकारतो. हा शिळाछाप. एका रंगाला एक दगड! जितके रंग तितक्या वेळा तोच कागद, केसभरही न सरकता, पुन्हा दगडावर बसवायचा. मग वरून रोगण आणि कॅनव्हाससारखा खरखरीतपणा, म्हणजे झाला ओलिओग्राफ. एवढी मेहनत 'छापील तर आहे' या तीन शब्दांत निकालात काढायची?

आमच्या माजघरातल्या लक्ष्मीच्या पदराला खरी जर आणि टिकल्या चिकटवलेल्या आहेत. बायका तेव्हा दुपारच्या वेळी तसबिरींवर असं काम करत, कित्येक घरांत. त्यामुळे आमची लक्ष्मी छापील असूनही जगात एकच आहे. व्यापाऱ्याला हे नेमकं ठाऊक आहे, म्हणून तर तो एवढ्या लांब यायला तयार आहे. ठाऊक नाही ते आपल्याला.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर एकतर्फी म्हणाल. या छापील चित्रांनी देवांचे चेहरे साचेबंद केले, सगळ्या देवी गोऱ्यापान आणि एकाच घराण्यातल्या वाटायला लागल्या, असा आक्षेप आहे. तो मला पटतो. पण त्याच छपाईने आणखी एक गोष्ट केली. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांच्या भिंतीवरही देव आला. आणि पुढे, १९५६ नंतर, त्याच भिंतींवरून देव उतरले आणि बुद्ध आणि बाबासाहेब आले. मराठवाड्यातल्या कुठल्याही वस्तीत जा. बाबासाहेबांची ती तसबीर छापील आहे म्हणून तिला कुणी खोटी म्हणून दाखवावं! चित्राचं मोल कागदावर ठरत नाही हे तिथल्या आजीला समजतं, फ्लॅटवाल्या आपल्याला समजत नाही.

मग छापील चित्र खोटं कधी होतं? माझं मत असं, की त्याचं नाव काढून घेतलं की होतं.

जुन्या छापील चित्रांच्या खाली एक पांढरी पट्टी असे. तिच्यावर चित्राचं नाव, चित्रकाराचं नाव, छापखान्याचं नाव. 'रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा' असं त्या पट्टीवरच वाचायला मिळतं. फ्रेमवाला काय करतो? चौकटीत बसत नाही म्हणून ती पट्टी कापतो. आणि आपण समोर उभे राहून कापू देतो. एका कात्रीत चित्राचा जन्मदाखला गेला.

परिणाम बघायचा असेल तर हातात समई घेतलेली, एका हाताने ज्योत झाकणारी ती बाई आठवा. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी ती असेल, आणि त्यातले बरेच तिला बेधडक 'रविवर्मा' म्हणत असतील. ती रविवर्म्याची नाहीच. रविवर्मा वारला १९०६ मध्ये, आणि हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं. काढलं आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी, तेही जलरंगात! मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. समोर समई धरून उभी राहिलेली त्यांची मुलगी गीता, पुढे कोल्हापूरच्या गीताताई उपळेकर, शंभरी ओलांडून २०१८ मध्ये गेल्या. ज्या चित्राची मुलगी कालपरवापर्यंत कोल्हापुरात हयात होती, त्याच्या बापाचं नाव आपल्याला माहीत नाही. मराठी माणसाने मराठी चित्रकार असा हरवला.

सात घोड्यांना माझा विरोध आहे तो यासाठी. घोडे वाईट नाहीत. पण त्या कॅनव्हासला पट्टीच नाही, कापायचीही गरज उरली नाही. कुणी काढलं? कुठून उचललं? पत्ता नाही. त्यात आता ऑनलाइन दुकानांत जुन्या मराठी चित्रकारांची चित्रंही 'विंटेज इंडियन लेडी' असल्या नावाने दिसतात. कायदा सरळ आहे. चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. रविवर्मा (१९०६) आणि धुरंधर (१९४४) आज कुणीही छापावेत. पण दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले आणि रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये. त्यांची चित्रं विचारल्याशिवाय आणि नावाशिवाय विकणं म्हणजे चोरी, मग फ्रेम कितीही देखणी असो.

"एवढं आहे तर एखाद्या जिवंत चित्रकाराचं मूळ चित्र घ्या की," असं काही ब्लॉगमित्र म्हणतील. जरूर घ्या! तुमच्या शाळेचे चित्रकलेचे सर निवृत्त होऊन घरी बसले असतील, त्यांच्याकडून घ्या आणि त्यांनी सांगितलेली किंमत द्या. पण त्यासाठी छापील चित्राला हिणवायची गरज नाही. दोन्ही एका भिंतीवर सुखाने नांदतात.

आता भावंडांनो, तुमच्यासाठी. मुळं वाटून भांडू नका. तसबिरी एकाच घरी राहू द्या, ज्याच्या भिंतीला ओल नाही आणि ऊन थेट येत नाही त्याच्याकडे. बाकीच्यांसाठी स्कॅन करून चांगल्या कागदावर प्रती काढू. रविवर्म्याच्या चित्रांना आता कुणाची परवानगी लागत नाही, आणि प्रत घेण्यात कमीपणाही नाही, मूळच्या तसबिरी तरी प्रतीच आहेत की! ओल्या फडक्याने पुसू नका, टिकल्या गळतील. मागची लाकडी फळी काढून आम्लविरहित पुठ्ठा घाला, फळीमुळेच कागद तपकिरी पडतो. काच आणि चित्र यांच्यात माउंटची फट ठेवा.

आणि फ्रेमवाल्याकडे चित्र टाकून चहाला जाऊ नका. तिथेच उभे राहा. त्याने पट्टी उचलली की त्याला सांगा, चौकट मोठी कर, पैसे जास्त घे, पण खालची पट्टी कापू नकोस. जिथे आधीच कापली गेली असेल तिथे चित्राच्या पाठीवर शिसपेन्सिलीने नाव लिहा. हळदणकर तर हळदणकर. मुलांनी विचारलं तर सांगता आलं पाहिजे.