कारखाना उभा राहील, गिऱ्हाईक कोण?

परवा दुपारच्या चहाला ऑफिसात नेहमीचा वाद रंगला. सरकारने चिपच्या कारखान्यांवर एवढा पैसा ओतावा का? एक मित्र म्हणाला, "अरे, आपण सॉफ्टवेअरवालेच बरे. चिप बाहेरून आणता येते की!"

मीही पूर्वी हेच म्हणायचो. पण २०२१ मध्ये चिप मिळेनात म्हणून गाड्यांचं उत्पादन रखडलं, तेव्हा मत बदललं. पैसे हातात असले तरी माल मिळतोच असं नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्राने ७६,००० कोटींची योजना मंजूर केली. धोलेऱ्याच्या ९१,००० कोटींच्या प्रकल्पाला २०२४ मध्ये मान्यता मिळाली, त्यातला निम्मा भार केंद्राचा. माझा याला विरोध अजिबात नाही. माझी काळजी पुढची आहे.

जरा मागे जाऊ. १९७६ साली आपल्या मंत्रिमंडळाने चिप बनवणारी सरकारी कंपनी काढायचं ठरवलं. त्याच वर्षी तैवानने अमेरिकेच्या आरसीएकडून तंत्रज्ञान घ्यायचा करार केला. म्हणजे सुरुवात बरोबरीचीच! १९८४ मध्ये मोहालीला उत्पादन सुरू झालं. १९८९ मध्ये आग लागली, कारखाना बेचिराख झाला आणि पुन्हा सुरू व्हायला १९९७ उजाडलं. चिपच्या धंद्यात आठ वर्षं म्हणजे कित्येक पिढ्या. दरम्यान तैवानात १९८७ साली टीएसएमसी उभी राहिली, जवळपास निम्मं भांडवल सरकारी. सरकारी पैसा दोन्हीकडे होता. पण तैवानची कंपनी पहिल्यापासून जगभरच्या गिऱ्हाइकांसाठी चिप बनवत होती, आणि मोहालीवाचून कुणाचं काही अडलं नाही. अडलं असतं, तर आठ वर्षं लागली असती का?

तरी त्याच मोहालीत इस्रोसाठी 'विक्रम' प्रोसेसर बनतो, आपल्या रॉकेटमध्ये तो चालतो. १८० नॅनोमीटरचं जुनं तंत्र, पण हक्काचं गिऱ्हाईक आहे, म्हणून काम टिकलं.

म्हणून मला वाटतं, कारखान्याला अनुदान देतानाच सरकारने खरेदीचाही शब्द द्यावा. विजेचे स्मार्ट मीटर, रेल्वेची यंत्रणा, सरकारी स्मार्ट कार्डं, यांना कुठे अगदी नवी चिप लागते? यातला ठरावीक हिस्सा पाच-सात वर्षं देशी चिपचा असावा.

"म्हणजे पुन्हा अँबॅसडर!" मित्राने लगेच टोमणा मारला. मुद्दा खरा आहे. बाजार बंद केला की माल सुधारत नाही. म्हणून हिस्सा ठरावीक, मुदत ठरावीक आणि दर्जात सूट नाही. मुदत संपली की खुल्या बाजारात उतरा.

असो. चहा संपला, वाद नाही. पण फीत कापायला गर्दी होते, पहिली ऑर्डर द्यायला कोण येतं ते मी बघणार आहे. तुम्हाला काय वाटतं?