मटणाला जाणाऱ्या बोकडाची खुरे

गेल्या महिन्यात जिल्ह्यातल्याच एका बंदिस्त शेळीपालन प्रकल्पावर जाणे झाले. पत्र्याचे लांब शेड, मधोमध चालायची वाट, दोन्ही अंगांना गव्हाणी, शंभरेक जनावरे. झाडलोट चोख होती आणि नोंदवहीही. खुराक किती, वजन किती, जंताचे औषध कधी पाजले, पीपीआरची लस कधी टोचली, सगळे लिहिलेले. तरुण मालक मन लावून एकेक गोष्ट दाखवत होता. शेवटच्या कप्प्यात विक्रीला काढलेले बोकड होते. त्यातला एक, काळाभोर, पस्तीस किलोच्या आसपासचा, पुढचे दोन्ही गुडघे टेकून खात होता. आधी वाटले, खाली सांडलेला भुसा वेचतोय. मग तो तसाच गुडघ्यांवर सरकत पाण्याच्या टाकीपर्यंत गेला. पाय उचलून पाहिला. खुरे बोटभर वाढून पुढे वळली होती, मधल्या फटीत शेण वाळून दगड झाले होते, गुडघ्यांवरचे केस जाऊन घट्टे पडले होते.

माळावर खडकांतून हिंडणाऱ्या शेरडाची खुरे चालून चालून झिजतात. शेडमध्ये ती झिजत नाहीत, दर दीड-दोन महिन्यांनी कापावी लागतात. मालकाला हे ठाऊक होते. याची कापायची राहिली का, असे विचारल्यावर तो सहज म्हणाला, "शेळ्यांची आन् पाटींची कापतो की सर. ह्यो मटनालाच जाणाराय. पंधरा दिवसांचा तर प्रश्न हाय."

हा मुलगा निर्दयी नाही. करडू आजारी पडले तर रात्र जागून काढणाऱ्यांतला आहे. पण घरी आल्यावरही ते वाक्य डोक्यातून जाईना. आपल्या मासिकाच्या अंकांची जुनी बाडे काढून बसलो. आम्ही छापलेले प्रकल्प अहवाल एकेक करून वाचले. दहा शेळ्या एक बोकड, शंभर शेळ्या पाच बोकड. जुळ्यांचे प्रमाण, विक्रीचे वजन, किलोचा दर, बँकेचा हप्ता. त्यातल्या एकाही तक्त्यात जनावराचा दिवस कसा जातो याला रकाना नाही. जे मरणारच आहे त्याच्या जगण्याचा हिशेब कशाला ठेवायचा, हे त्या मुलाने आमच्याच पानांवरून उचलले असेल तर त्याला बोल लावायचा मला अधिकार नाही. म्हणून हे संपादकीय.

मांस खावे का, हा प्रश्न आपल्याकडे बाहेरून आलेला नाही. याच जिल्ह्यात भूम तालुक्यात कुंथलगिरी आहे. १९५५ साली जैन आचार्य शांतिसागर महाराजांनी तिथे सल्लेखना घेतली, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवला. याच जिल्ह्यात संत गोरोबाकाकांचे तेर आहे. गळ्यात वारकऱ्याची माळ पडली की घरातले मटण सुटते, हे आपण गावोगाव पाहतो. देवापुढे बोकड कापण्यावर गाडगेबाबांनी कीर्तनांतून किती कडक बोल सुनावले, हे जुन्या माणसांना आठवत असेल. आणि याच जिल्ह्यात तुळजापूरला महानवमीला अजाबळी होतो, नवसाची कंदुरी होते, तिच्या पंगतीला हिंदूही बसतात आणि मुसलमानही. दोन्ही बाजू शेजारी शेजारी नांदत आल्या. पण आपण, जे शेरडे पाळून पोट भरतो, त्यांनी या वादात कधी तोंड उघडले नाही. खाणारा खातो, न खाणारा खात नाही, आपण फक्त माल पुरवतो, अशी आपली समजूत.

मारूच नये, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. शेळीला कळते. करडू विकले की दोन-दोन दिवस ओरडून ती घसा बसवून घेते, हे आपल्याइतके कोणी जवळून पाहिलेले नसते. पोट डाळ-भाकरीवर भरत असताना केवळ चवीसाठी असा जीव घ्यायचा का, असे कोणी विचारले तर माझ्याकडे त्याला पुरून उरेल असे उत्तर नाही. मी मांस खातो आणि हे लिहितो आहे.

माळकरी आणि जैन वाचकांना मात्र एवढेच विचारीन की भूम-वाशीकडच्या खव्याच्या भट्ट्यांना जे दूध जाते, त्या म्हशींची रेडके कुठे जातात? रेडी असेल तर जगते. रेडा असेल तर त्याला पोटभर पिऊ देणारी दावण विरळाच. दुधासाठी कोणी सुरी उचलत नाही, पण रेडकू महिना-दोन महिन्यांत उपासमारीने संपते. आपल्या कोणाचेच ताट या प्रश्नातून सुटलेले नाही.

दुसऱ्या बाजूचे उत्तर आपल्या सगळ्यांच्या जिभेवर असते. भूमिहीन बाई, चार शेळ्या, गरिबाची गाय. हे उत्तर खरे आहे. १९७२ पासून या जिल्ह्याने जे दुष्काळ काढले, त्यांत विहिरी आटल्या, गुरे छावणीला गेली, तेव्हा घरात रोख पैसा आला तो शेरडू विकून. उस्मानाबादी शेळी घडली ती याच मातीत. काळी, लोंबत्या कानांची, बाभळीच्या शेंगा आणि बोरीच्या पाल्यावर जगणारी, बहुतेकदा जुळी देणारी, दोन वर्षांत तीनदा विणारी. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात एक कोटी सहा लाख शेळ्या मोजल्या गेल्या आणि त्यातल्या बहुसंख्य अशाच दोन-चारच्या दावणीला आहेत. त्या बाईला 'हिंसा सोड' असे सांगायला माझी जीभ रेटणार नाही. पण तिच्या पदराआड पाचशे शेळ्यांचे शेड लपवायचे, हे चालणार नाही. भांडवल घालून, कर्ज काढून, मोठ्या बाजारासाठी माल तयार करणाऱ्याने आपले उत्तर स्वतः द्यावे. या मासिकाचे निम्मे वर्गणीदार आता त्या दुसऱ्या गटातले आहेत.

शेळी बंदिस्त झाली ती केवळ हावेपोटी नव्हे, हेही सांगायला हवे. गायराने उरली नाहीत. माळ फोडून सोयाबीन झाले, पाणी लागले तिथे ऊस झाला. शेरडामागे पूर्वी घरातले दहा वर्षांचे पोर असायचे, राखुळीला लावलेले, शाळेचे तोंड न पाहिलेले. ते पोर आज शाळेत आहे आणि तिथेच असायला हवे. मोकळ्या चराईच्या आठवणी काढताना त्या पोराला विसरू नये. लांडगा होता, उन्हाळ्यात आटलेले आचळ होते, पावसाळ्यात आंत्रविषाराने एका रात्रीत गेलेली चार करडे होती. तेव्हा पूर्वीचे सगळे चांगले, असे मला म्हणायचे नाही. मोकळे हिंडताना पाला निवडणे, सावली शोधणे, खडकावर चढणे, भांडणे, पळून जाणे हे शेळी स्वतःचे स्वतः बघत होती. तिला चार भिंतींत आणले त्या दिवशी ते सगळे आपल्या अंगावर आले. आपण त्यातला फक्त चारा आणि औषध उचलले, बाकीचे मागे माळावर राहून गेले.

असे झाले की पुढे काय होते, ते कोंबडीकडे पाहून कळते. पुण्यात १९७१ साली वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू झाली. अंडी आणि चिकन सामान्य माणसाच्या आवाक्यात आले, हे त्या उद्योगाचे श्रेय कोणी नाकारू नये. पण आज ब्रॉयलर पक्षी पस्तीस-चाळीस दिवसांत दोन किलोचा होतो आणि त्यातल्या कित्येकांना स्वतःचे वजन पायांवर पेलत नाही. पिंजऱ्यातल्या अंड्यांच्या कोंबडीच्या वाट्याला टंकलेखनाच्या कागदाहून लहान जागा येते, तीही जन्मभर. कॉलिस्टिन हे माणसासाठी अगदी अखेरीस राखून ठेवायचे प्रतिजैविक. ते कोंबड्यांच्या खाद्यातून जात होते. शेवटी २०१९ मध्ये केंद्र सरकारला अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत त्याच्या वापरावर बंदी घालावी लागली. यातले काहीही एका दिवसात झाले नाही. दरवेळी कोणीतरी हिशेब मांडला की एवढे आवळले तर किलोमागे इतके वाचतात, आणि आवळले.

शेळीपालन आज त्याच वळणावर उभे आहे. बोअर जातीशी संकर, धान्याचा खुराक, कमी जागेत जास्त बोकड, तीन महिन्यांत वजन. या महिन्यात आमच्याकडे आलेल्या जाहिरातींतल्या दोन शेडना मोकळे आवारच नव्हते.

इंग्लंडमध्ये १९६४ साली रुथ हॅरिसन यांचे 'ॲनिमल मशिन्स' हे पुस्तक आले आणि तिथल्या सरकारला ब्रॅम्बेल समिती नेमावी लागली. १९६५ च्या अहवालात समितीने अगदी साधी कसोटी दिली. जनावराला उठता यावे, बसता यावे, वळता यावे, अंग साफ करता यावे, हातपाय ताणता यावेत. एवढेच. तो गुडघ्यावरचा बोकड यातल्या पहिल्याच अटीत नापास होतो, आणि त्याचे शेड आपल्या भागातल्या चांगल्या शेडमध्ये मोडते.

माझ्या मते शेळीसाठी हे पाच पुरेसे नाहीत. शेळी म्हणजे मान वर करून खाणारे जनावर. मागच्या पायांवर उभे राहून बाभळीची फांदी ओढताना तिला पाहिले की तिचे अंग कशासाठी घडले आहे ते कळते. शेवरी, हादगा, सुबाभूळ आपण कापून आणतोच. तो पाला गव्हाणीत कुट्टी करून टाकण्याऐवजी जुडी बांधून तिच्या डोक्याच्या उंचीवर टांगा. आवारात दगडांचा एक ओटा रचा, करडे दिवसभर त्यावर एकमेकांना ढकलतील आणि खुरेही झिजतील. मोठ्या शेळीला छताखाली दहा-बारा चौरस फूट आणि बाहेर त्याच्या दुप्पट, हे माप आपण सगळे तोंडपाठ म्हणतो. बाहेरच्या दुपटीत पुढे चाऱ्याची गंजी उभी राहते.

खुराकाचेही तसेच. वजन लवकर यावे म्हणून मका आणि भरडा वाढवत नेला की रवंथ मंदावते, पोटात आम्ल चढते, आणि खच्ची बोकडांत मुतखडा होतो. मूत्र अडलेला बोकड कसा ताणतो, दात कसे खातो, हे ज्याने पाहिले त्याला वेगळे सांगायला नको. बाजूच्या कप्प्यात वजनकाटा समाधानकारक आकडा दाखवत असतो.

आता शेवटचा दिवस. वाहतुकीचे नियम १९७८ चे आहेत. साडेचार-पाच टनांच्या मालवाहू ट्रकमध्ये शेळ्या-मेंढ्या चाळीसच्या वर भरू नयेत. कत्तलखान्याचे नियम २००१ चे आहेत. गाभण जनावर कापू नये, तीन महिन्यांखालचे करडू कापू नये, आधी विसावा द्यावा, एकाच्या डोळ्यांदेखत दुसरे कापू नये. आठवडी बाजारात चारही पाय बांधून दुचाकीला उलटे लटकवलेले बोकड, पिकअपमध्ये एकावर एक रचलेली करडे, आणि इथून मुंबईपर्यंत चारशे किलोमीटर पाण्याविना, हे आपण रोज पाहतो. व्यापाऱ्याने पैसे मोजले की दोरी त्याच्या हातात आणि जबाबदारीही त्याचीच, असे आपण मनाला समजावतो. धर्माच्या रीतीप्रमाणे मारण्याला १९६० च्या कायद्यातल्या अठ्ठाविसाव्या कलमाने सूट आहे. ती सूट मारण्यापुरती आहे. नवमीच्या आदल्या दिवशी उन्हात तहानलेले बांधून ठेवण्याला ती लागू होत नाही आणि आई भवानीने तसे कधी मागितलेलेही नाही.

घाबरलेल्या, थकलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर कापण्याआधीच संपते, मग मांस काळपट आणि कोरडे होते, टिकत नाही. हे शास्त्र खरे आहे आणि खाटकाला पटवायला उपयोगीही आहे. तरी माझा भर त्यावर नाही. उद्या कोणी त्रास देऊनही मांस उत्तम ठेवणारी युक्ती शोधली, तर आपण त्रास द्यायला मोकळे होणार का? त्या पंधरा दिवसांत बोकडाच्या पायाला जे दुखते ते दुखतेच. तो मटणाला जाणार म्हणून ते कमी दुखत नाही. उलट त्याच्याकडे तेवढेच दिवस आहेत, आणि ते आपल्या हातात आहेत.

म्हणून पुढल्या अंकापासून काही बदल करतो आहोत. मोकळे आवार नसलेल्या शेडची जाहिरात घेणार नाही, त्यातून येणारे पैसे बुडाले तरी चालतील. 'यशोगाथा' या सदरासाठी अहवाल पाठवणाऱ्यांनी वजन आणि नफ्यासोबत आणखी काही लिहावे. जनावरामागे छताखाली किती जागा आणि बाहेर किती, विक्रीच्या बोकडांची खुरे शेवटची कधी कापली, खच्चीकरण कोणत्या वयात, चिमट्याने की दगडाने आणि भूल देऊन की न देता, माल किती किलोमीटर गेला, गाडीत किती होते, वाटेत पाणी कुठे पाजले. आणि वर्षभरात किती करडे मेली, कशाने मेली. या शेवटच्या रकान्यात शून्य लिहून आलेला अहवाल आम्ही छापणार नाही.